पुरावा कशाचा गोळा करायचा?

तीन वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फोटोंचं पाकीट. नवरा आणि दुसरी बाई स्कूटरवर, हॉटेलात समोरासमोर, लॉजच्या जिन्यात. भावाकडून तीस हजार रुपये उसने घेऊन, ते खाजगी गुप्तहेराला देऊन तिने हे फोटो मिळवले होते. “ताई, आता तो सुटत नाही,” ती म्हणाली. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, तरी मलाही वाटलं, केस पक्की आहे. मी फोटोंच्या मागे तारखा लिहायला बसले.

नवऱ्याचा पगार किती, खोली कोणाच्या नावावर, हे मी तिला थेट तिसऱ्या भेटीत विचारलं. तिला माहीत नव्हतं. तोवर वकिलाची नोटीस गेली होती आणि पगाराच्या चिठ्ठ्या, पासबुकं, घराचे कागद कपाटातून नाहीसे झाले होते. फोटो मात्र शाबूत होते. तिला घटस्फोट मिळाला, पण पोटगीच्या तारखांना ती अजून जाते आहे. ही चूक तिची नाही, माझी आहे. म्हणून हे लिहिते आहे.

नवऱ्याचं ‘बाहेर’ आहे हे कळल्यावर बाईला पहिल्यांदा वाटतं ते हेच, की हे सिद्ध झालं पाहिजे. कारण आजवर तिलाच संशयी, वेडी ठरवलेलं असतं. तिचा हा राग खरा आहे. पण न्यायालयात व्यभिचार सिद्ध झाल्याने तिच्या पदरात नेमकं काय पडतं, हे तिला सांगायची जबाबदारी आपली आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली आधी जोडीदार व्यभिचारी जीवन जगतो आहे हे दाखवावं लागे; १९७६ च्या दुरुस्तीनंतर एक घटनाही घटस्फोटाला पुरते. ख्रिश्चन बायकांना तर २००१ पर्यंत नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रूरता किंवा परित्यागाची जोड द्यावी लागे; नवऱ्याला मात्र बायकोचा नुसता व्यभिचार पुरत असे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं तेव्हा अनेकींनी विचारलं, म्हणजे आता नवऱ्यांना मोकळं रान? पण त्या कलमाखाली बायकोला तक्रार करताच येत नव्हती. तक्रारीचा हक्क होता तो नवऱ्याला, बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाविरुद्ध. जणू त्याच्या मालकीच्या वस्तूला कोणी हात लावला! आज व्यभिचार गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण आहे. पोटगीचा आकडा मुख्यतः दोघांचं उत्पन्न, गरजा आणि राहणीमान यांवर ठरतो. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल, तर वेगळं राहून पोटगी मागायला ते रास्त कारण मानलं जातं. पुराव्याचा हा उपयोग मोठा आहे, पण त्याला लॉजच्या जिन्यातले फोटोच लागतात असं नाही.

मग कायद्याच्या चौकटीत राहून काय करता येतं? तारीख-वार लिहिलेली वही ठेवावी. नवऱ्याने स्वतः आपल्याला पाठवलेले मेसेज, घरात पडलेली बिलं, जोडखात्याचा उतारा, शेजारी आणि नातेवाइकांची साक्ष, हे सगळं चालतं. हॉटेलच्या किंवा फोन कंपनीच्या नोंदी हव्या असतील तर न्यायालयाकडे अर्ज करावा. मागवायच्या की नाही ते न्यायालय ठरवतं. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन जपून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच स्पष्ट केलं आहे.

काय करू नये तेही सांगायला हवं. नवऱ्याच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणं, पासवर्ड फोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कोणाचे खाजगी क्षणांचे फोटो काढणं तर नाहीच नाही. २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याबद्दल खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. तेव्हा ‘सगळं मिळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं. आणखी एक. माहेरची, सासरची माणसं ‘सांभाळून घे’ म्हणून बाईला परत पाठवतात. सगळं कळूनही पुन्हा संसार सुरू केला, तर तिने माफ केलं असा अर्थ न्यायालयात लावला जाऊ शकतो. परत जाण्याआधी वकिलाशी बोलावं.

आता मतभेदाचा मुद्दा. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पती-पत्नींच्या आपसातल्या खटल्यात त्यांच्यातल्या संभाषणाचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घेता येईल. आमच्या गटात काही जणींनी याचं स्वागत केलं. चार भिंतींत मिळणाऱ्या धमक्यांना साक्षीदार नसतो, तिथे फोन हाच साक्षीदार, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. नवरा आपल्याशी बोलताना धमकी देतो, ती टिपून ठेवणं ही हेरगिरी नव्हे.

पण त्या खटल्यात बोलणं टिपलं होतं नवऱ्याने, बायकोचं. आपल्या घरांत फोन, पैसा, बाहेर फिरायची मुभा कोणाकडे जास्त असते? बायकोच्या फोनची रोज झडती घेणारे नवरे आपण पाहतोच. आणि हत्यार दोघांच्या हाती असलं तरी जखम सारखी होत नाही. ‘व्यभिचारात राहणाऱ्या’ बायकोची पोटगी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने बंद होते. १९७३ च्या संहितेतली ती तरतूद २०२३ च्या नव्या संहितेतही कायम आहे. पोटगी टाळण्यासाठी तिच्या चारित्र्यावर चिखल उडवणं ही जुनीच रीत. असे बिनबुडाचे आरोप म्हणजे मानसिक क्रूरता, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटलं, तरी ते थांबलेले नाहीत. पाळत ठेवणं हे न्याय मिळवायचं साधन म्हणून आपण उचलून धरलं, तर उद्या ते आपल्याच बायकांवर उलटेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की केंद्रावर येणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत पाच गोष्टी विचारूया. त्याचा पगार किती? घर कोणाच्या नावावर? गावी जमीन असेल तर सातबारा कोणाचा? तुझे दागिने, स्त्रीधन कुठे आहे? मुलांच्या शाळेचे, जन्माचे दाखले कोणाकडे आहेत? २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा त्यात खोटं लिहितो, तेव्हा ते खोडायला आपल्याकडे कागद हवा. तो नोटीस जाण्याआधीच घरात असतो. घराबाहेर काढायची भीती असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्कही मागता येतो.

व्यभिचाराचा पुरावा जमवूच नये असं मी म्हणत नाही. तो त्यानंतर जमवूया, सरळ मार्गाने, आणि ‘त्या’ बाईला चव्हाट्यावर न आणता. तिलाही बहुधा काहीतरी खोटंच सांगितलेलं असतं.

ती बाई गेल्या महिन्यात पुन्हा आली होती. फोटोंचं पाकीट अजून आमच्या कपाटात आहे. ते परत देऊ का, विचारलं तर म्हणाली, “त्याचं काय करू, ताई? पगाराची एक चिठ्ठी असती तर बरं झालं असतं.”

तुमच्या केंद्रांचा अनुभव काय आहे? जरूर लिहा. यावर आपल्यात चर्चा व्हायला हवी.