अर्धीच चौकशी

तहव्वूर राणाला एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेतून भारतात आणण्यात आले, तेव्हा सरकारपक्षाने विजयाचे नगारे वाजवले. कटवाल्यांना शासन झालेच पाहिजे. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मेली, त्यास कटवाल्यांच्या क्रौर्याइतकाच येथील नोकरशाहीचा निष्काळजीपणाही कारणीभूत होता. त्याची चौकशी मात्र अर्ध्यावरच सोडून देण्यात आली आहे.

समुद्रमार्गे हल्ला होईल, ताजमहाल हॉटेल हे एक लक्ष्य असेल, अशा आशयाचे इशारे केंद्रीय यंत्रणांकडून आधीच निघाले होते आणि मुंबईस पोचलेही होते. पण इशारा पोचणे निराळे आणि तो कोणीतरी आपला मानणे निराळे. दिल्लीने कागद पुढे धाडला की तिचे कर्तव्य संपले. मुंबईने त्याची पोच दिली की तिचेही संपले! मार्च १९९३च्या स्फोटांपूर्वी शस्त्रे व आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरले होते. म्हणजे हा दरवाजा उघडा असल्याचे पंधरा वर्षे सर्वांना ठाऊक होते. दहा हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले, तेव्हा ‘तुम्ही कोण?’ असे त्यांना हटकले ते तेथील रहिवाशांनी. राष्ट्राच्या सागरी संरक्षणाचा त्या संध्याकाळी दिसलेला पहारा तेवढाच.

राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली. इशाऱ्यांची छाननी व पाठपुरावा यांतील गोंधळावर तिने बोट ठेवले. पण राज्याने नेमलेल्या समितीला केंद्रीय गुप्तचर खाती, नौदल वा तटरक्षक दल यांना जाब विचारता येत नव्हता, आणि केंद्राने स्वतःची खुली चौकशी नेमलीच नाही. समितीचा अहवालदेखील आधी विधिमंडळापासून दूर ठेवण्यात आला. वृत्तपत्रांत फुटल्यानंतरच डिसेंबर २००९मध्ये तो पटलावर आला.

अमेरिकेची यंत्रणा काही आदर्श नव्हे. मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली तिच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता, त्याच्या पत्नींनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, तरीही त्याचे नाव हल्ल्यापूर्वी भारताला मिळाले नाही. परंतु ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर तेथे नेमलेल्या आयोगाने उघड सुनावण्या घेतल्या. पुढे विमाने पळवणाऱ्यांपैकी दोघांचा माग सीआयएला जानेवारी २०००मध्येच लागला होता आणि एफबीआयला त्याची धड कल्पना ऑगस्ट २००१पर्यंत नव्हती, हे त्याने २००४मध्ये छापून प्रसिद्ध केले.

येथे काय झाले? हल्ल्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच संसदेने बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा अधिक कठोर केला आणि आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडीची मुभा दिली. हाती आलेल्या कागदाचा ज्या व्यवस्थेला अर्थ लावता आला नाही, तिच्या हाती माणसे डांबण्याचा वाढीव अधिकार आला. गुप्तवार्तांची देवाणघेवाण व्हावी म्हणून दिल्लीत २००१पासून एक बहुसंस्था केंद्र होते. ते असून हे घडले कसे, हे कोणी विचारले नाही. २०१२मध्ये आणखी एक केंद्र सुचवले गेले, पण त्याद्वारे गुप्तचर खात्याला अटकेचा अधिकार मिळणार असल्याने राज्यांनी विरोध केला आणि तो योग्यच होता.

गुप्तचर विभाग आणि रॉ ही दोन्ही खाती संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली नाहीत. माहिती अधिकार कायद्यातूनही, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, त्यांना सूट आहे. त्यांच्यावर संसदेची देखरेख असावी यासाठी २०११मध्ये मांडलेले खासगी विधेयक तसेच विरून गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत असताना मारल्या गेलेल्या पन्नासहून अधिक माणसांच्या वारसांना कोणता इशारा कोणत्या मेजावर थांबला, हे अद्याप अधिकृतपणे सांगितले गेलेले नाही. ते सांगितल्याने आता कोणत्या हेराचा जीव धोक्यात येतो, याचे उत्तर गृहमंत्र्यांनी लोकसभेत द्यावे.