नवोदयची ‘पक्की’ जागा



‘सराव परीक्षेत ८५ पडले की नवोदय पक्के’ हे आपल्या वाचकाचे म्हणणे पटले नाही. नवोदय विद्यालयात सहावीच्या जागा फार तर ८०, अर्ज अख्ख्या जिल्ह्यातून. त्यातही किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, किमान एकतृतीयांश मुलींसाठी. मग सगळ्यांना एकच कटऑफ कसा लागेल? इकडे पालक बेरजा मांडत बसतात: प्रश्न सव्वा गुणाचा, चार चुकले की पाच गेले. पण १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांचे, त्यांचा सराव कोण घेतो? परीक्षाही एकदाच देता येते. शिवाय ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली लागते. क्लासपायी पोराला गंगाखेड शहरातल्या शाळेत घालणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी.

— एक पालक, राणीसावरगाव (जि. परभणी)