सहाव्या वर्षी येणारी दाढ

मूल सहा वर्षांचे झाले की पुढचा दात हलू लागतो आणि घरभर त्याचे कौतुक होते. त्याच सुमारास तोंडात अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पाठीमागे, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे तिच्यावर काळा डाग दिसला तर दादी-नानी म्हणतात, "दुधाची आहे, पडेल." पण ही दाढ कायमची असते. ती गेली की दुसरी येत नाही. शिवाय तिच्या मागून येणारी दाढ पुढे झुकते आणि चावणे बिघडते. म्हणून या महिन्याच्या सदरात आम्ही तिच्याविषयीच सांगणार आहोत.

ती ओळखायची मोजून. दुधाचे दात वीस, म्हणजे वर-खाली प्रत्येक बाजूला पाच. समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावी आली असेल तर ती कायमची. अशा चार दाढा असतात.

या दाढेच्या माथ्यावर खोल चिरा असतात. काही तर ब्रशच्या केसापेक्षाही बारीक. दाढ पूर्ण वर यायला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून निघून जातो. चिरांत अडकलेल्या बिस्किटा-चॉकलेटातील साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि कीड लागते. गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे. ईदचा शीरखुर्मा मुलाला पोटभर द्या, पण दिवसभर थोडे थोडे गोड तोंडात नको.

मिस्वाकची सवय चांगलीच आहे, ती मुलांना जरूर लावावी. मात्र लहान तोंडात ती इतक्या मागे नीट पोचत नाही. जोडीला लहान डोक्याचा ब्रश हवा. रात्री झोपण्यापूर्वी अम्मी किंवा अब्बांनी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन, ब्रश गालाच्या बाजूने आडवा धरून, ही दाढ स्वतः घासून द्यावी. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत हे काम त्याच्यावर सोडू नये. त्यानंतर दुधाचा पेलाही नको.

दाढ चांगली असतानाच दंतवैद्याला दाखवावी. तिच्या चिरा सीलंटच्या पातळ थराने बुजवता येतात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांचे दातही तपासते. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

मुलगा असो वा मुलगी, आज रात्री मोबाइलची बॅटरी लावा, तोंड उघडायला सांगा आणि सहापर्यंत मोजा.