कपाटातली श्रवणयंत्रे

पाऊस २०२५ मध्ये मे महिन्यातच उतरला आणि खाचरे तयार नसतानाच रोपांची घाई सुरू झाली. जुलैमध्ये वेल्ह्यातला राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. जिल्हा परिषदेची निवडणूक या वर्षात झाली नाही. भोरजवळच्या उत्रोलीच्या औद्योगिक वसाहतीबद्दल दरवर्षी जे बोलले जाते, ते याही वर्षी बोलले गेले. वर्षाचा आढावा इथेच थांबवतो. वर्षभर जी गोष्ट मनाला खुपत राहिली, ती यातली एकही नाही.

ती गोष्ट आहे श्रवणयंत्र वाटपाच्या शिबिरांची. कोणाचा वाढदिवस असतो, कधी गणेशोत्सव, कधी दिवाळी. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात, मागे मोठा फलक लागतो, रांगेत आजी-आजोबा आणि आईच्या कडेवरची मुले असतात. एकाच दिवसात तपासणी, एकाच दिवसात यंत्र, मग छायाचित्र आणि जेवण. दुसऱ्या दिवशी बातमी आमच्याकडे छापायला येते, सोबत आकडा येतो. तो आकडा वाटलेल्या यंत्रांचा असतो. त्यातली किती यंत्रे सहा महिन्यांनंतर कानात आहेत, हे एकाही आयोजकाने आजवर आम्हाला कळवलेले नाही. ती कुठे आहेत हे आम्ही घरोघरी पाहिले आहे. कपाटात, औषधांच्या डब्यात, देव्हाऱ्याखालच्या खणात.

असे का होते, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण दोष घरच्यांना दिला जातो. कानामागच्या यंत्रातला आवाज कानात नेण्यासाठी त्या कानाच्या मापाचा साचा लागतो. मूल वाढते तसा त्याचा कान वाढतो. पहिल्या वर्षात तर हा साचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागतो. साचा सैल झाला की आवाज बाहेर निसटतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. मूल वैतागून ते ओढून काढते, आई ते जपून ठेवून देते. साचा बदलायचा असतो हे तिला कोणी सांगितलेलेच नसते, आणि सांगितले तरी तो बनवून घ्यायला पुणे गाठावे लागते. सेलचेही तसेच. त्यावरची चिकटपट्टी एकदा काढली की तो हवेने उतरू लागतो, वापरा किंवा ठेवून द्या. आठवड्या-दोन आठवड्यांत तो संपतो, आणि तालुक्याच्या बाजारात तो सहजी मिळत नाही. त्यात आपल्याकडचा पाऊस. हिर्डोशी आणि वेळवंड खोऱ्यांत चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे यंत्राच्या नळीत पाणी धरते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवले तर टिकते. शिबिराच्या गर्दीत एवढे बोलायला कोणाला सवड नसते.

आणि हे सगळे जमले, तरी काम निम्म्यावरही आलेले नसते. यंत्र आवाज मोठा करते. त्या आवाजातून शब्द वेगळा ओळखायला मेंदूला शिकावे लागते, आणि मेंदू हे सर्वांत चांगले शिकतो ते आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत. म्हणून जगभर एक साधा क्रम पाळला जातो: बाळ महिन्याचे व्हायच्या आत कानांची चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र आणि शिकवणी. पहिली चाचणी काही मिनिटांची असते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी ठेवतात, आतल्या कानाचा प्रतिसाद यंत्र टिपते. शंका आली तर आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी करतात. केरळने सरकारी प्रसूती रुग्णालयांत नवजात बाळांची ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे मात्र मूल बोलत नाही हे ध्यानात येते ते दोन-अडीच वर्षांनी. मग कोणीतरी म्हणते, याचा बापही उशिरा बोलला होता. मग नवस होतो. मग शाळेत नाव घालायची वेळ येते, आणि तेव्हा कोणीतरी पुण्याला घेऊन जायला सुचवते. तोवर शिकण्याची ती पहिली वर्षे निघून गेलेली असतात.

कानाच्या आत बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची गोष्ट याहून वेगळी नाही. लाखोंच्या खर्चाची ही शस्त्रक्रिया गरीब घरातल्या लहान मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळते, हे फार मोठे काम आहे. पण शस्त्रक्रियेनंतर यंत्र सुरू होते, तेव्हा मुलाला प्रथमच आवाज कळू लागतो. तिथून पुढे महिनोन्‌महिने वाचा-उपचार लागतात. भोरच्या आईने बाळाला घेऊन दर आठवड्याला एसटीने पुण्यात धनकवडीला किंवा स्वारगेटला जायचे, म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. भात लावणीच्या दिवसांत हे किती घरांना झेपेल?

सेवाभावी संस्थांवर आमचा राग आहे असे कोणी समजू नये. या देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा १८८०च्या दशकात मुंबईत माझगावला निघाली, ती धर्मादाय प्रेरणेतून. पुण्यात टिळक रस्त्यावर सुहृद मंडळाचे रुईया मूकबधिर विद्यालय आहे. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, धनकवडीला भारती विद्यापीठात श्रवण आणि वाचा-उपचारांचे शिक्षण मिळते. या कामात ज्यांनी आयुष्य घातले, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. अशा ठिकाणी काम कसे चालते ते पाहा. शिक्षिका आईला जवळ बसवून शिकवते: मुलाच्या तोंडासमोर येऊन बोला, भाकरी थापताना पीठ, पाणी, गरम हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणा, त्याने हुंकार दिला तरी उत्तर द्या. असे आठवड्यामागून आठवडे चालते. त्याचे छायाचित्र काढण्यासारखे काही नसते.

अडचण पैशाच्या रस्त्याची आहे. वस्तूसाठी देणगी मिळते, माणसाच्या पगारासाठी मिळत नाही. शंभर यंत्रे द्यायला कारखाने तयार असतात, मंडळे तयार असतात. एका वाचा-उपचारतज्ज्ञाचा दोन वर्षांचा पगार मागितला की सगळे गप्प होतात. संस्था तरी काय करणार, ज्यासाठी पैसे मिळतात तेच काम त्या उचलतात.

म्हणूनच ज्यांच्या हातात ठेवायला वस्तू नाही, ते या शिबिरांत कोणाला दिसतच नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषेच्या अपंगत्वाला स्वतंत्र जागा दिली. अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेले माणूस त्यात येते, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेले त्यात येते. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सगळे कळत असते, शब्द मात्र ओठांवर येत नाही. घरचे समजतात की बुद्धी गेली, आणि त्यांच्याशी बोलणेच सोडून देतात. सुरुवातीच्या महिन्यांत नीट उपचार मिळाले तर पुष्कळदा बरेच बोलणे परत येते. तोतरे बोलणाऱ्या मुलाला वर्गात उभे करून हसणे तर आपण अजून गंमतच समजतो. अशा माणसांचे स्वमदत गट चालतात, पण शहरांत.

सांकेतिक भाषेबद्दलही स्पष्ट बोलतो. हातांनी बोलू दिले तर मूल तोंडाने बोलणार नाही, ही भीती घालून मुलांचे हात धरून ठेवले गेले. आमचे मत वेगळे आहे. मुलाला भाषा वेळेत मिळाली पाहिजे, मग ती कानातून येवो वा हातांतून. ज्या तरुणाला यंत्राचा उपयोग होण्याचे वय केव्हाच सरले, त्याच्याशी ग्रामसभेत, दवाखान्यात, बँकेत खुणांच्या भाषेत बोलणारे एक तरी माणूस तालुक्यात हवे.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही मानत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मार्च जवळ आला की तो निधी घाईने वाटून संपवला जातो. भोर-वेल्ह्याच्या दोन्ही तालुक्यांच्या ग्रामपंचायतींनी आणि पंचायत समित्यांनी एकत्र बसून यातून माणूस नेमण्याची वाट काढावी. आठवड्यातून दोन दिवस भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि एक दिवस वेल्ह्यात वाचा-उपचारतज्ज्ञ बसेल, साचे घेतले जातील, सेल मिळतील, आणि रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कानांची चाचणी घरी जाण्याआधी होईल. देणगीदारांना विनंती आहे की शंभर यंत्रांऐवजी दहा द्या, पण त्या दहा मुलांचे साचे, सेल आणि शिकवणी पाच वर्षे सांभाळा. अंगणवाडी ताईंनाही एक विनंती. टाळी वाजवून बाळ वळले म्हणजे ऐकते, असे गृहीत धरू नका. ते हाताची हालचाल पाहूनही वळते.

यंदाच्या अंकाचा विषय जात्यावरच्या ओव्या हा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून डोंगराळ मावळात बायकांच्या ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. तुम्ही पुढची पाने वाचाल तेव्हा दिसेल की त्या ओव्यांत आई लेकराशी सारखी बोलत असते, ते अजून उत्तर देण्याच्या वयाचे नसले तरी. आज जाते गेले, पण ते बोलणे ज्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही असे लेकरू आजही आपल्या खोऱ्यांत जन्मते. त्याची चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी ही मागणी या विषयाबाहेरची आहे असे आम्हाला वाटत नाही.

एक निर्णय वाचकांना आणि जाहिरातदारांना कळवायचा आहे. श्रवणयंत्र वाटपाची छायाचित्रे आणि त्याच्या जाहिराती आम्ही यंदापासून घेणार नाही. उत्पन्नाचे नुकसान होईल, ते सोसू. ज्या मंडळांनी मागच्या वर्षी यंत्रे वाटली, त्यांनी ती घेणाऱ्यांच्या घरी पुन्हा जाऊन काय आढळले ते लिहून पाठवावे. त्याला पुढच्या अंकात पूर्ण पान देऊ, आणि त्या पानाचे पैसे घेणार नाही.