खोक्यावरचा डंका आणि आतली चिप

बाजारातील स्वस्त सेट-टॉप बॉक्सवर ‘४के’ ही अक्षरे ठळक छापलेली असतात. आतील चिप कोणती चित्रसंहिता उलगडते, हे मात्र बहुधा शोधूनही सापडत नाही. ही ग्राहकाची शुद्ध दिशाभूल आहे.

फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तरी दर सेकंदाला सुमारे ५ कोटी १८ लाख बिंदू उभे करावे लागतात. हा भार दुबळ्या मुख्य प्रोसेसरवर लादला की तो तापतो, चित्र अडखळते. चिपमध्ये स्वतंत्र डीकोडर असेल, तर तेच काम अल्प विजेत होते.

‘स्वस्तात एवढे कुठून मिळणार?’ असे विक्रेते विचारतील. २०१२ मध्ये ३५ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर अवघा ७०० मेगाहर्ट्‌झचा होता, तरीही एच.२६४ मधील फुल एचडी चित्रपट त्याने लीलया दाखवले. श्रेय वेगाचे नव्हे, डीकोडरचे!

मात्र प्रत्येक संहितेची सोय चिपमध्ये वेगळी करावी लागते. एच.२६४ ही २००३ मधील, एचईव्हीसी २०१३ मधील, तर एव्ही१ २०१८ मधील. केवळ पहिली जाणणारी पेटी नव्या संहितेपुढे हतबल ठरते आणि दुसऱ्या खरेदीचा भुर्दंड सामान्य कुटुंबावरच पडतो.

तेव्हा कोणत्या संहिता, किती बिंदूंपर्यंत आणि किती चौकटींनी उलगडतात, हे खोक्यावर छापणे सक्तीचे झालेच पाहिजे. तोवर सुज्ञ ग्राहकाने हाच प्रश्न दुकानात विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत!