सरासरीचा बुरखा

मोबाइल सेवेची स्थिती काय, असे विचारले की ग्राहक एक उत्तर देतो आणि कंपन्यांचे आकडे दुसरेच. आकडे खोटे असतात असे आमचे म्हणणे नाही. ते सरासरीचे असतात, आणि रोगाचे मूळ तेथेच आहे.

दूरसंचाराच्या हिशेबात गोव्यासह महाराष्ट्र हे एक क्षेत्र. मुंबई तेवढी निराळी. शंभरांत दोनांहून अधिक संभाषणे मध्येच तुटू नयेत, हा दंडक पूर्वी अशा सबंध क्षेत्राच्या सरासरीला लावला जाई. पुण्यातील अगणित संभाषणे सुखरूप पार पडली, की गडचिरोलीतील एखाद्या मनोऱ्याचे मौन त्या राशीत सहज बुडून जाई. नियामक प्राधिकरणाने 1 ऑक्टोबर 2017 पासून निकष बदलला: किमान 90 टक्के ठिकाणी, किमान 90 टक्के दिवस तो दंडक पाळला गेला पाहिजे. सुधारणा योग्यच होती. परंतु उरलेले दहा टक्के कोणाच्या वाट्याला येतात? ते बहुधा शहरातील वाचकाच्या येत नाहीत, एवढे सांगावयास आकडेशास्त्र लागत नाही.

मोजणीतही मेख आहे. ‘हॅलो, हॅलो’ करून कंटाळलेला मनुष्य स्वतःच फोन ठेवतो. हिशेबात ते संभाषण रीतसर पूर्ण झालेले! क्षीण संकेतावर जोडणी तगवून धरण्याची मुदत वाढविली, तरीही तुटलेल्या संभाषणांची संख्या कागदावर घटते.

आणि विश्वासार्हता ही तर निराळीच गोष्ट. 2009 च्या नियमावलीनुसार मनोरे महिन्यातील दोन टक्के वेळ, म्हणजे सुमारे चौदा तास, बंद राहिले तरी क्षम्य होते. हे चौदा तास रोज थोडे थोडे गेले तर कोणाला कळणारही नाही. वादळाच्या रात्री सलग गेले तर? 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन गेल्यावर रायगडातील अनेक गावांचा संपर्क तासांनी नव्हे, दिवसांनी पूर्ववत झाला.

तुटलेल्या संभाषणामागे एक रुपया भरपाईचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली रद्द ठरविला. 2024 च्या नियमांनी जिल्ह्यातील सेवा चोवीस तासांहून अधिक खंडित झाल्यास ग्राहकाला सवलत देऊ केली, तसेच सेवा कोठे पोहोचते त्याचे नकाशे प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आमची मागणी याच्या एक पाऊल पुढची आहे. त्याच नकाशावर प्रत्येक मनोरा गेल्या महिन्यात किती तास बंद होता, हेही छापावे. ही नोंद कंपन्यांच्या दप्तरी असतेच. ती ग्राहकापासून दडवून ठेवण्याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.