मुद्राचित्र म्हणजे नक्कल नव्हे

'मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात, म्हणून ते दुय्यम' हा समज आम्हांस मान्य नाही. शांतिनिकेतनात शिकलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) व मुंबईचे कैको मोती यांनी पॅरिसच्या 'अतेलिए १७'मध्ये घडवलेली पद्धत पाहावी : कोरलेल्या एकाच पत्र्यावर कमीअधिक दाट शाया, कमीअधिक मऊ रोलर आणि एकाच दाबात उमटणारे अनेक रंग. शाई दर वेळी नव्याने लावायची. मग ठसा हुबेहूब कसा निघेल? आणि समजा, निघालाही. कवितेच्या हजार प्रती छापल्या म्हणून तिला कोणी नक्कल म्हणत नाही. रेड्डींनी तर हे तंत्र गुपित न ठेवता न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे शिकवले. छापील अक्षरावर जगणाऱ्या आपण साहित्याच्या अध्यापकांनी तरी छापील चित्राला वेगळा न्याय लावू नये.